सिम्युलेशन सर्व्हर दुरून बंद करणारी स्क्रिप्ट कशी लिहावी

रात्री आपोआप चालणाऱ्या चाचण्यांसाठी आम्ही वाहनाच्या प्रतिमानातील घर्षणाचा गुणांक बदलला आणि सकाळी अहवाल उघडला, तर निकालात तिसऱ्या दशांश स्थळापर्यंतही फरक नव्हता. दुसऱ्या रात्री गुणांक मुद्दाम हास्यास्पद वाटेल इतका वाढवला, तरीही निकाल तेच आले. शोध घेतल्यावर कळले की आदल्या फेरीतला जुना सर्व्हर मेलेलाच नव्हता. त्याने पोर्ट (सर्व्हरशी जोडणी होते तो क्रमांकित मार्ग) अडवून ठेवल्यामुळे नवा सर्व्हर सुरू होताच कोसळत होता आणि चाचणीचा क्लायंट निमूटपणे जुन्याच सर्व्हरला जोडला जात होता. लॉगमध्ये मात्र दोन्ही रात्री ‘सर्व्हर बंद केला’ अशी ओळ होती, कारण बंद करण्याची कमांड पाठवल्यानंतर तिचे काय झाले हे न पाहताच आमची स्क्रिप्ट ती ओळ छापत असे.

पुढील सर्व पायऱ्या याच चुकीभोवती फिरतात. बंद करण्याची कमांड पाठवणे ही केवळ विनंती असते. सर्व्हर बंद झाला आहे, हे विधान करण्यासाठी वेगळा पुरावा लागतो. हा लेख लिनक्स सर्व्हर आणि एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे कमांड चालवू देणारी जोडणी, गृहीत धरतो.

पहिली पायरी: नेमके काय बंद करायचे आहे ते ठरवा

‘सिम्युलेशन बंद कर’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: सर्व्हरला जोडलेला क्लायंट, सर्व्हरच्या आत चालू असलेले सिम्युलेशन, स्वतः सर्व्हरची प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) आणि ती प्रोसेस ज्यावर चालते ते यंत्र. कोपेलियासिम या रोबोटांच्या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये सिम्युलेशन थांबवण्याचे फंक्शन आणि प्रोग्रॅममधून बाहेर पडण्याचे फंक्शन वेगवेगळे आहेत. पहिले वापरले तर प्रोग्रॅम जागेवरच राहतो आणि त्याचे पोर्टही उघडे राहते. स्वयंचलित वाहनांसाठी वापरला जाणारा कार्ला सर्व्हर लिनक्सवर एका छोट्या शेल स्क्रिप्टमधून सुरू होतो, पण खरे काम त्या स्क्रिप्टने सुरू केलेली दुसरी प्रोसेस करते. स्क्रिप्टचा प्रोसेस क्रमांक टिपून ठेवून तेवढीच प्रोसेस मारली, तर खरा सर्व्हर अनाथ होऊन चालूच राहतो आणि २००० क्रमांकाचे पोर्ट सोडत नाही. आमच्या प्रकरणातही नेमके असेच झाले होते.

म्हणून सर्व्हर चालू असताना एकदा त्या यंत्रावर जाऊन प्रोसेसचा पूर्ण वृक्ष पाहावा. कोणती प्रोसेस कोणाची मूल आहे, पोर्ट कोणाच्या हाती आहे, ग्राफिक्स कार्डाची स्मृती कोण वापरत आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. शेवटच्या तपासणीत हीच यादी कामी येते.

दुसरी पायरी: सर्व्हरची स्वतःची थांबण्याची रीत शोधा

बहुतेक गंभीर सिम्युलेशन प्रोग्रॅमना सभ्यपणे थांबण्याची रीत दिलेली असते आणि ती वापरण्यातच शहाणपण आहे. ओपनफोम या प्रवाहांच्या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये नियंत्रण फाइलमधील ‘स्टॉपअ‍ॅट’ या नोंदीचे मूल्य ‘राइटनाऊ’ असे बदलले की प्रोग्रॅम चालू टप्पा पूर्ण करतो, त्या क्षणाची स्थिती डिस्कवर लिहितो आणि बाहेर पडतो; अर्थात, चालू असताना फाइल पुन्हा वाचण्याची मुभा त्याच फाइलमध्ये आधीपासून दिलेली असावी लागते. ग्रोमॅक्स या रेणूंच्या सिम्युलेशन प्रोग्रॅमला सिगटर्म हा थांबण्याची विनंती करणारा १५ क्रमांकाचा सिग्नल मिळाला की तो पुढच्या सोयीच्या टप्प्यावर चेकपॉइंट (नंतर तिथूनच पुढे जाता यावे म्हणून जतन केलेली स्थिती) लिहून थांबतो. दुसऱ्यांदा सिग्नल दिला तर तो ती सोयही न पाहता आणखी लवकर थांबतो. सामायिक संगणकांवर कामे रांगेने चालवणाऱ्या स्लर्ममधल्या कामाला तर वेळ संपण्याआधी ठरावीक सेकंद एखादा सिग्नल पाठवण्याची सूचना काम दाखल करतानाच देता येते.

याउलट सिगकिल, म्हणजे ९ क्रमांकाचा सिग्नल, प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थेट प्रोसेस संपवते. बफरमधला डेटा जातो, अर्धवट लिहिलेली फाइल तशीच राहते, तात्पुरत्या फाइली आणि सामायिक स्मृतीचे तुकडे मागे उरतात. म्हणून सवयीने हाताशी असलेली ‘किल उणे नऊ’ ही कमांड स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत नसावी, पण स्क्रिप्टमध्ये ती मुळीच नसावी असेही नाही. तिची जागा सर्वांत शेवटी आहे.

रीत सापडल्यावर तिला लागणारा वेळ मोजावा. समजा सर्व्हरला बंद होताना ४० गिगाबाइट स्थिती लिहायची आहे आणि डिस्कचा टिकाऊ वेग सेकंदाला २०० मेगाबाइट आहे. फक्त लिहिण्यालाच २०० सेकंद लागतील. आता पूर्वनियोजित मुदती पाहा: डॉकर कंटेनर (प्रोग्रॅम ज्यात वेगळा ठेवून चालवतात ते वेष्टन) थांबवताना १० सेकंद वाट पाहून सिगकिल देतो, असे अनेक कंटेनर सांभाळणारे कुबेरनेटीस ३० सेकंद थांबते, लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची नेहमीची मुदत ९० सेकंद असते. तिन्ही ठिकाणी तुमचा चेकपॉइंट अर्धवट असतानाच प्रोसेस मारली जाईल, आणि बंद करणारी स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी तिच्या हाती काही राहणार नाही. मोजलेल्या वेळेच्या किमान दीडपट मुदत त्या त्या ठिकाणी स्पष्टपणे लिहावी, हा माझा ठोकताळा आहे.

तिसरी पायरी: सहज बंद करता येईल अशा रीतीने सुरू करा

एसएसएचमधून लॉगिन करून, कमांडच्या शेवटी पार्श्वभूमीचे चिन्ह टाकून सुरू केलेला सर्व्हर दुरून बंद करणे हे कायमचे डोकेदुखीचे काम आहे. त्यापेक्षा त्याला सिस्टिमडीची सेवा बनवावे. सेवेच्या सगळ्या प्रोसेस, मुले आणि नातवंडे धरून, एकाच नियंत्रण गटात राहतात आणि सेवा थांबवताना नेहमीच्या मांडणीत सिग्नल संपूर्ण गटाला जातो. त्यामुळे अनाथ प्रोसेसचा प्रश्न बहुतेक मिटतो.

सेवेची फाइल लिहिताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ‘टाइमआउटस्टॉपसेक’ या नोंदीत वर मोजलेली मुदत घालावी. ‘रनटाइममॅक्ससेक’ या नोंदीत सर्व्हरने कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये असा एकूण काळ द्यावा, म्हणजे बंद करणारी स्क्रिप्ट ज्या यंत्रावर आहे तेच यंत्र रात्री कोसळले तरी सर्व्हर अनंतकाळ चालत राहणार नाही. तिसरी गोष्ट अधिक फसवी आहे. सर्व्हरला सिग्नल कळत नसेल आणि त्याच्या स्वतःच्या कमांडने थांबवायचे असेल, तर ती कमांड ‘एक्झेकस्टॉप’मध्ये लिहितात, परंतु ती कमांड विनंती देऊन लगेच परतणारी असेल, तर ती परतताच सिस्टिमडी उरलेल्या प्रोसेसना सिगटर्म पाठवतो आणि सर्व्हरचे निवांतपणे लिहिणे तिथेच तुटते. म्हणून त्या जागी विनंती देऊन सर्व्हर खरोखर संपेपर्यंत थांबणारी छोटी स्क्रिप्ट ठेवावी.

सर्व्हर एखाद्या बॅश (लिनक्सवरचे नेहमीचे शेल) स्क्रिप्टच्या वेष्टनातून सुरू होत असेल, तर शेवटची ओळ ‘एक्झेक’ने सुरू करावी, म्हणजे बॅशची जागा सर्व्हर स्वतः घेतो. तसे न केल्यास सिग्नल बॅशला मिळतो, आणि बॅश अग्रभागी चालू असलेले मूल संपेपर्यंत आपला ट्रॅप (सिग्नल आल्यावर चालवायच्या कमांडी) चालवतच नाही. कंटेनरमध्ये याला आणखी एक पदर आहे. तिथे पहिली प्रोसेस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमने सिगटर्मसाठी स्वतः हाताळणी लिहिलेली नसेल, तर कर्नल तो सिग्नल त्याच्यापुरता दुर्लक्षित करते. ‘आमचा कंटेनर थांबायला दर वेळी बरोबर दहा सेकंद घेतो’ अशी तक्रार ऐकली की बहुधा हेच कारण असते.

चौथी पायरी: स्क्रिप्टला फक्त लागतील तेवढेच अधिकार द्या

मध्यरात्री माणसाविना चालणाऱ्या स्क्रिप्टकडे पासवर्डविरहित किल्ली असावीच लागते, म्हणून ती किल्ली चोरीला गेली तरी फारसे बिघडू नये अशी व्यवस्था करावी. या कामासाठी वेगळी एसएसएच किल्ली तयार करावी. सर्व्हरवरील अधिकृत किल्ल्यांच्या फाइलमध्ये तिच्या ओळीच्या सुरुवातीला ‘रिस्ट्रिक्ट’ हा पर्याय आणि सक्तीची कमांड लिहावी. मग त्या किल्लीने कोणी काहीही मागितले तरी सर्व्हरवर तुमची ठरलेली स्क्रिप्टच चालते आणि मागितलेले शब्द तिला ‘एसएसएच ओरिजिनल कमांड’ या परिवेश-चलात मिळतात. ती स्क्रिप्ट ‘थांबव’, ‘स्थिती’ आणि ‘सक्ती’ या अर्थाचे तीनच शब्द ओळखते आणि बाकी सर्व नाकारते. मिळालेले शब्द शेलकडे जसेच्या तसे चालवायला मात्र कधीही देऊ नयेत, नाहीतर हा सगळा बंदोबस्त व्यर्थ जातो. रूटचे, म्हणजे यंत्राच्या मुख्य प्रशासकाचे, अधिकार लागत असतील तर ते उसने देणाऱ्या सूडोच्या नियमांत त्या एका सेवेपुरत्या नेमक्या कमांडी, त्यांच्या पर्यायांसकट, नोंदवाव्यात.

क्लायंटच्या बाजूने ‘बॅचमोड’ चालू ठेवावा, म्हणजे किल्ली चालली नाही तर एसएसएच पासवर्डची वाट पाहत सकाळपर्यंत लटकून राहत नाही. जोडणीची मुदत १० सेकंद ठेवावी आणि ‘सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल’ १५ सेकंद ठेवावा. उत्तर न मिळण्याची नेहमीची मर्यादा ३ वेळा असल्यामुळे मृत जोडणी सुमारे ४५ सेकंदांत तुटते. सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली आधीच नोंदवून ठेवावी. ती तपासणीच बंद करण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो, पण अधिकार असलेल्या स्क्रिप्टसाठी तो वाईट आहे. स्क्रिप्ट क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप, चालणार असेल, तर तिथे तुमच्या टर्मिनलमधला पाथ (प्रोग्रॅम शोधण्याच्या जागांची यादी) नसतो आणि किल्ल्या सांभाळणारा एसएसएच एजंटही नसतो. किल्लीचा व प्रत्येक प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग लिहावा.

पाचवी पायरी: विनंती पाठवा आणि जोडणी सोडून द्या

सेवा बनवणे शक्य नसेल तेव्हा लोक नावाने प्रोसेस शोधून मारतात आणि इथे एक जुना खड्डा आहे. समजा सर्व्हरचे नाव ‘सिमसर्व्हर’ आहे आणि एसएसएचमधून आपण ‘पीकिल’ला पूर्ण कमांड ओळीत ते नाव शोधायला सांगितले. दूरच्या यंत्रावर आपली कमांड चालवण्यासाठी जे शेल सुरू होते, त्याच्या स्वतःच्या कमांड ओळीतही ‘सिमसर्व्हर’ हा शब्द असतो. पीकिल स्वतःला वगळते, पण त्या शेलला वगळत नाही. परिणामी आपण ज्या फांदीवर बसलो तीच तोडतो: जोडणी एकाएकी तुटते, पुढच्या कमांडी चालत नाहीत आणि सर्व्हर मेला की नाही तेही कळत नाही. शोधशब्दाचे पहिले अक्षर चौकटी कंसात टाकले की नमुना सर्व्हरच्या नावाशी जुळतो, पण शेलच्या ओळीत असलेल्या कंसासकट मजकुराशी जुळत नाही. कमांड ओळीऐवजी केवळ प्रोसेसच्या नावाने शोधायचे असेल, तर कर्नल त्या नावाची पहिली १५ अक्षरेच साठवते हे ध्यानात ठेवावे. लांब नाव पूर्ण लिहिले तर काहीच सापडत नाही आणि ‘प्रोसेस नाही, म्हणजे बंद झाली’ असा उलटाच निष्कर्ष निघतो.

सेवा असेल तर सिस्टिमडीची ‘सिस्टिमसीटीएल स्टॉप’ ही कमांड पुरते. ती सेवा थांबेपर्यंत परतत नाही, म्हणून तिला ‘नो-ब्लॉक’ हा पर्याय द्यावा: विनंती नोंदवली जाते, कमांड लगेच परतते आणि जोडणी मिटते. पाच मिनिटे एकच जोडणी उघडी ठेवण्यापेक्षा दर काही सेकंदांनी छोटी नवी जोडणी करून स्थिती विचारणे अधिक भरवशाचे असते, कारण मधेच नेटवर्क क्षणभर गेले तरी पुढची विचारणा आपले काम करते.

सहावी पायरी: वाट पाहा, पण उत्तर नीट वाचा

प्रतीक्षेच्या चक्रात एकूण अंतिम मुदत आधी ठरवून ठेवावी आणि ती घड्याळावरून मोजावी. किती फेऱ्या झाल्या यावरून मोजू नये, कारण अडकलेली एकेक विचारणा स्वतःच ४५ सेकंद खाऊ शकते. सुरुवातीला दर २ सेकंदांनी आणि मिनिटभरानंतर दर १० सेकंदांनी विचारणे पुरेसे आहे.

प्रत्येक विचारणेची उत्तरे दोन नसून तीन आहेत: थांबला, अजून चालू आहे, आणि माहीत नाही. एसएसएचचा परतीचा संकेत (प्रोग्रॅम संपताना देतो तो क्रमांक) २५५ आला तर बहुधा जोडणीच झाली नाही किंवा मधेच तुटली. तो संकेत ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणून वाचणे ही दुरून बंद करणाऱ्या स्क्रिप्टमधली, माझ्या अनुभवात, सर्वांत महाग पडणारी चूक आहे. नेटवर्कची केबल निघाली तरी अशा स्क्रिप्टला सर्व काही आलबेल दिसते. माहीत नाही असे उत्तर मुदत संपेपर्यंत टिकले, तर स्क्रिप्टने वेगळ्या संकेताने बाहेर पडून माणसाला कळवावे.

‘सिस्टिमसीटीएल’ची उत्तरेही जपून वाचावीत. थांबत असताना सेवा ‘डीअ‍ॅक्टिव्हेटिंग’ दाखवते आणि नीट थांबल्यावर ‘इनअ‍ॅक्टिव्ह’. मुदत संपून सिगकिल द्यावा लागला, तर ती ‘फेल्ड’ दाखवते आणि तिच्या निकालात ‘टाइमआउट’ अशी नोंद राहते. केवळ ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ याच शब्दाची वाट पाहणारी स्क्रिप्ट अशा वेळी मेलेल्या सर्व्हरपुढे मुदत संपेपर्यंत ताटकळत बसते. सेवा नसेल तर प्रोसेसचा परतीचा संकेत पाहावा: शेलच्या रिवाजाप्रमाणे १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवला जातो, म्हणून १४३ म्हणजे सिगटर्मने आणि १३७ म्हणजे सिगकिलने अंत झाला. मी न पाठवलेला १३७ दिसला, तर यंत्राची स्मृती संपल्यामुळे कर्नलने प्रोसेस मारली असावी, ही शंका मी आधी तपासतो.

सर्व्हर आधीच बंद असेल तर स्क्रिप्टने ते यश मानावे. तीच स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवली तरी काही बिघडू नये.

सातवी पायरी: सक्ती

मुदत संपली आणि उत्तर ‘अजून चालू आहे’ असेच असेल, तरच सिगकिल द्यावा आणि तो एका प्रोसेसला नव्हे तर पूर्ण नियंत्रण गटाला द्यावा. लॉगमध्ये ही घटना ठळकपणे नोंदवावी, कारण त्या फेरीचा शेवटचा चेकपॉइंट संशयास्पद ठरतो. सिगकिलनंतरही प्रोसेस दिसत असेल, तर तिची स्थिती पाहावी. ‘डी’ हे अक्षर दिसले तर ती कर्नलच्या आत, बहुधा प्रतिसाद न देणाऱ्या नेटवर्क डिस्कची वाट पाहत, अडकलेली असते आणि कितीही सिग्नल दिले तरी त्या वाटेतून बाहेर आल्याशिवाय मरत नाही. ‘झेड’ दिसले तर ती आधीच मेलेली आहे, फक्त तिच्या पालकाने तिची नोंद घेतलेली नाही. पहिल्या बाबतीत डिस्क दुरुस्त करावी लागते, दुसऱ्या बाबतीत पालकाकडे पाहावे लागते.

आठवी पायरी: बंद झाल्याची खातरजमा

आता पहिल्या पायरीतली यादी बाहेर काढावी. प्रोसेस नाही, ठरलेल्या पोर्टवर कोणी ऐकत नाही, ग्राफिक्स कार्डाची स्मृती मोकळी झाली आहे, सामायिक स्मृतीत जुन्या फाइली उरलेल्या नाहीत आणि सर्व्हरने वापरायला घेतलेले लायसन्स परत गेले आहे, हे क्रमाने तपासावे. ‘ऐकत असलेले’ पोर्ट आणि ‘टाइम-वेट’ अवस्थेतील, म्हणजे मिटूनही काही काळ नोंद राहिलेल्या, जुन्या जोडण्या यांत गल्लत करू नये. त्या जोडण्या लिनक्सवर सुमारे ६० सेकंद दिसतात आणि कोणी प्रोसेस जिवंत असल्याचा तो पुरावा नसतो. चेकपॉइंटची वेळ विनंतीच्या वेळेनंतरची आहे का, हेही पाहावे. मात्र दोन्ही वेळा सर्व्हरच्याच घड्याळाच्या असाव्यात.

या सर्व तपासण्या पार पडल्यावरच ‘सर्व्हर बंद झाला’ ही ओळ लॉगमध्ये लिहावी. याच्या जोडीला, नवा सर्व्हर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टनेही पोर्ट आधीपासून व्यापलेले दिसल्यास पुढे जाण्यास नकार द्यावा. आमच्याकडे हा नकार असता तर त्या दोन रात्री वाया गेल्या नसत्या.

यंत्रही बंद करायचे असेल तर

त्याच क्षणी बंद होण्याऐवजी एका मिनिटानंतर बंद होण्याची सूचना द्यावी. त्यामुळे एसएसएचला नीट परतता येते आणि चूक झाल्यास सूचना रद्दही करता येते. लगेच बंद होण्याची कमांड दिली तर जोडणी तुटून तोच २५५ संकेत येऊ शकतो. कमांड देण्याआधी दूरच्या यंत्राचे नाव विचारून ते अपेक्षित नावाशी जुळते का, हे स्क्रिप्टने पाहावे, कारण रिकाम्या राहिलेल्या एखाद्या चलामुळे भलतेच यंत्र बंद पडू शकते.

बंद करण्याची रंगीत तालीम

चाचणीची मुख्य स्क्रिप्ट मधेच कोसळली तरी बंद करण्याचा भाग चाललाच पाहिजे, म्हणून तो बॅशमध्ये बाहेर पडण्याच्या ट्रॅपमध्ये किंवा पायथनमध्ये ‘फायनली’च्या खाली ठेवावा. मग चार प्रसंग मुद्दाम घडवावेत: सर्व्हर आधीच बंद असणे, तो वेळेत थांबणे, तो सिगटर्म न ऐकणे आणि नेटवर्क मधेच जाणे. चौथ्यासाठी फायरवॉलच्या नियमाने काही वेळ पॅकेट टाकून द्यावीत. तिसऱ्यासाठी काही जण सर्व्हरला सिगस्टॉप देऊन गोठवतात, पण सिस्टिमडी सिगटर्मपाठोपाठ पुन्हा चालू करणारा सिगकाँटही पाठवत असल्यामुळे गोठलेला सर्व्हर जागा होतो आणि तालीम खोटीच यशस्वी ठरते. त्याऐवजी सिगटर्मकडे दुर्लक्ष करून नुसता झोपून राहणारा चार ओळींचा प्रोग्रॅम सर्व्हरच्या जागी ठेवावा, सेवेची मुदत त्या वेळेपुरती २० सेकंदांवर आणावी आणि लॉगमध्ये ‘फेल्ड’, ‘टाइमआउट’ व सक्तीची नोंद हे तिन्ही उमटते का, ते डोळ्यांनी पाहावे.